म्हशीचा गोल सगळ्यात मोठा

...आन तीन दिस झाले बगा, घरात चहा येतो, पण बशी आपटून येतो! काय केलं हो मी? गोष्टी सांगितल्या. शाळेचं तोंड बगितलं न्हाई, लिवता येत न्हाई, मंग माणसानं गोष्टी बी सांगू न्हाई का? तुमीच सांगा, माझी काय चूक?

झालं काय... निवांत सांगतो, घाई नका करू. आमची नात राजेश्री परभणीला कालिजात हाय. मराठी बी शिकायली आन कंपुटर बी, एका वावरात दोन पिकं! उनाळ्यात गावाकडं, वालूरला आली, मोबाईल माझ्यापुढं ठुला, म्हणली, "आबा, गोष्टी सांगा." सांगितल्या की! साठ! पुरात म्हशीचं शेपूट धरून नदी पार केली ती, देवगाव फाट्यावर बैल हरवला ती... पोरीनं सगळ्या कंपुटरात घातल्या. म्हणली, "जो शब्द जास्ती बार आला, त्याचा गोल मोठा. तुमच्या मनात काय हाय ते डोळ्यानं दिसतं, आबा."

आता चांगल्या ऐकायच्या गोष्टी, त्यांचे गोल कामून बगायचे? पण नातीचं मन कोण मोडणार!

अंगणात चादर लावली, तिच्यावर चित्र पाडलं, सगळी आळी गोळा झाली. मधोमध ह्यो मोठा काळा गोल! "हे काय गं?" "म्हैस, आबा. एकशे चार बार." बाजूला नदी, बैल, भाकर... शेजारचा भुजंग लय चाबरा, इचारतो कसा, "राजे, यात काकू कुटं हाय?" पोरीनं आजीचं नाव टाकून हुडकलं. म्हणली, "शून्य."

शून्य! "काका," भुजंग वरडला, "संसार म्हशीसंगं केला व्हय?" ही उठली, पदर खोचला, घरात गेली. तवापून बशी आपटायली.

अवो, बायकूचं नाव कोण घेतं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच! आता तुमाला इतकं सांगायलो, एकदा तरी घेतलं का? तुमीच सांगा, माझी काय चूक?

काल राजेश्रीला म्हणलो, "बाई, मी तर गोष्टीगोष्टीत हिची गवाही काढतो. पाणी छातीला लागलं... व्हय का न्हाई गं? बैल लिंबाखाली घावला... व्हय का न्हाई गं? ते सगळं गेलं कुटं?" पोरगी हळूच म्हणती, "आबा, ते मी काढून टाकलं. बिनकामाचे शब्द आधी चाळून टाकायचे असतेत. आन, मंग, बरं का... त्यातच गेलं."

घ्या! चाळणीखाली माती पडायची, तर जवारीच पडली!

"टाक माघारी," म्हणलो. टाकलं. तर काय सांगू तुमाला... म्हैस हरभऱ्याएवढी झाली! चादरभर एकच गोल, "व्हय का न्हाई गं", नऊशे अकरा बार! भुजंगाला मुद्दाम हाक मारून दावला. ही चौकटीत उभी राहून बगतच ऱ्हायली, गालात हासली बी. मी म्हणलो, सुटलो बाबा! तर म्हणती कशी, "नऊशे बार इचारलं... एक बार तरी बोलू दिलं का?"

मोबाईल आता हिच्यापुढं हाय. पुराची गोष्ट हिनं पैल्यापून सांगितली. तिच्यात म्हशीचं शेपूट हिच्या हातात हाय, आन मी... मी हिचा पदर धरून मागं! डोळे मिटून! सगळी आळी माझ्याकडं बगायली. ही इचारती, "व्हय का न्हाई वो?"

आता तुमीच सांगा... खरं ते खरं. "व्हय," म्हणलो.

चहा आला. बशीचा आवाज न्हाई. अजून एकूणसाठ गोष्टी बाकी हायत.