मोतीगिरबाबांचे दोन गुंठे

हे मी लिहून काढणारच नव्हतो. कीर्तनात बोललो ते बोललो, विषय संपला, असं ठरवलं होतं. कारण या आख्यानातला कारकून माझ्याच मागं पेटीवर बसतो. उमाकांत. दिवसा नगरपालिका, सप्ताह असला की पेटी. त्या दिवशी त्याची बोटं मधेच थांबली — लोकांना वाटलं, पेटीचा भाता गेला. पण नंतर तोच म्हणाला, "लिहून ठेव." म्हणून मोबाईलवर टाइप करतोय. जसं बोललो तसं.

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. एका माणसाकडं अशी वस्तू आहे, की फुकट देतो म्हणतो तरी घ्यायला कुणी तयार नाही. मग तो माणूस मालदार का कंगाल? — सांगा की! मागं बायका का हसतायत? अहो माउली, नवरा नाही म्हणत मी! जमिनीचं बोलतोय!

तर आपल्या गावचे मोतीगिर गोसावी. कल्हईवाले. जुन्या बायकांनो, तुमच्या घरचं एक तरी पातेलं त्यांच्या हातून चकचकीत झालेलं असणार. मग स्टील आलं. झालं! कल्हई घरी बसली, बाबाही बसले. पोटी मूल नाही. भाड्याच्या खोल्या बदलत बदलत म्हातारपणी नगरपालिकेच्या निराधार वसाहतीत एक खोली मिळाली. केवढी? पाय पसरले की भिंत! पण भाडं नावापुरतं, नळ दारात, आणि महिन्याला निराधारची पेन्शन. बाबा म्हणायचे, "राजवाडा आहे हा. राजाच्या तरी दारात नळ होता का?"

आता त्या खोलीची अट काय? शहरात स्वतःच्या नावावर जागा नको. बाबांच्या नावावर दोन गुंठे होते — पण शहरात नव्हते. लांब, माळावर. घर बांधायचं म्हणून घेतलेले. आणि घर उभं राहायच्या आधीच बायको गेली. सुंदराबाई. गोसाव्यांत जाळत नाहीत, मंडळी. समाधी देतात. मांडी घालून बसवतात. कुठं बसवायची? "इथं चूल मांडू," असं तिनं हातानं दाखवलं होतं ना — तिथंच बसवली! वर दगडाचा ओटा, त्यावर छोटी पिंड. आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवली. स्वतःसाठी.

दर सोमवारी बाबा जायचे. ओटा धुवायचे, बेल वाहायचे, आणि गप्पा मारत बसायचे. "आज नळच आला नाही गं. शेजारच्या गयाबाईनं कळशीभर दिलं." असलं सगळं! जिवंतपणी आपण बायकोशी एवढं बोलतो का हो? — माना खाली गेल्या बघा.

मग झाली हद्दवाढ! नकाशावरची एक रेघ सरकली, आणि माळ शहरात आला. समोर पेट्रोलपंप झाला. वसाहतीत कुजबुज — "म्हाताऱ्याचा पंपासमोर प्लॉट आहे म्हणं! आणि इथं निराधार होऊन बसलाय!" कुणीतरी ऑफिसात जाऊन सांगितलं. कोण? मला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे. असंल इथंच, टाळ्या वाजवत.

कारकून खोलीवर आला. भला पोरगा. चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि मान वर न करता म्हणाला, "बाबा, ती जागा नावावरून काढा. नाहीतर खोली सोडावी लागंल. पेन्शनबी थांबंल."

"काढू म्हणजे?"

"विका. नाहीतर देऊन टाका कुणाला."

"एवढंच व्हय! देतो की!"

बाबा खूश! गेले पुतण्याकडं. सोमगिर. गॅरेजवाला. "घे बाबा, तुझ्या नावावर करतो. एक रुपया नको. फक्त काकूला हलवू नको, आणि मी गेल्यावर मला तिच्याशेजारी बसव."

सोमगिरनं हात पुसले. "काका, घेतो. पण ओटा मागं सरकवावा लागंल. पुढं शटर येतंय ना."

"मागं कुठं?"

"नाल्याच्या कडंला."

"आरं, तिथं सगळ्या गावाची घाण वाहती!"

"काका, काकूला आता काय कळतंय?"

बाबा उठले. पाणीसुद्धा न पिता! मनात एकच — याला काकूनं मांडीवर घेऊन जेवू घातलं होतं.

मग सुचलं, नगरपालिकेलाच देऊ! गेले साहेबांपुढं, हात जोडले. "साहेब, घ्या जागा. बाग करा, शाळा करा. तिला तेवढी बसू द्या."

साहेब वाईट नव्हते हो. खुर्ची दिली. म्हणाले, "समाधीसकट घेता येत नाही, बाबा. मोकळी करून द्या. आणि आता ती जागा शहरात आली. यापुढं तिथं कुणाला पुरायचं तर परवानगी लागंल. मिळंल असं नाही."

म्हणजे शेजारची जागा पण गेली! बाबा खुर्चीतून उठले. मग हळूच म्हणाले, "साहेब, पुतण्या घेईना, तुम्ही घेईना. फुकट देतो तरी कुणी घेईना. आणि तुम्हीच म्हणता, म्हाताऱ्याकडं इस्टेट आहे?"

साहेब म्हणाले, "पटतंय, बाबा. पण नियमात मालक म्हणजे मालक."

व्हरांड्यात कारकुनानं बाबांना गाठलं. त्याचा जीव तुटत होता. कानाशी लागला, "बाबा, एक वाट आहे. लिहून द्या की तिथं कुणी पुरलेलं नाही. नुसता दगडाचा ओटा आहे. मग पालिका जागा घेती, तुमची खोली वाचती. ओटा लगेच कोण पाडत नाही, मी बघतो. एक अंगठा, बस!"

त्यानंच लिहिलं. त्यानंच शाईचा डबा पुढं केला. बाबांनी अंगठा बुडवला. डोळ्यापुढं खोली आली, दारातला नळ आला, थंडी आली. अंगठा कागदाजवळ गेला... आणि थांबला.

"काय लिव्हलंस, पुन्हा वाच."

"सदर जागेत कोणीही नाही."

"कोणीही नाही?"

"बाबा, नुसतं कागदावर —"

"पोरा, ती गेली तेव्हा सगळे म्हणले, म्हाताऱ्याला आता कुणी नाही. मी म्हणायचो, आहे. माळावर आहे. आज मीच म्हणू, नाही?"

अंगठा धोतराला पुसला. कमरेला खोचलेली खोलीची किल्ली काढली आणि कारकुनाच्या हातात दिली. किल्लीला लागलेल्या शाईनं त्याचाच हात माखला, मंडळी!

आज बाबा कुठं आहेत? माळावर. ओट्याशेजारी चार बांबू, वर ताडपत्री. पेन्शन बंद. गयाबाई जमंल तेव्हा भाकरी पोचवती. खोकला धरलाय. आणि वसाहतीतली खोली? कुलूप! अजून कुणाला दिलेली नाही.

आणि तुम्ही, मंडळी! पंपावर गाडी उभी करता, ओट्याला हात जोडता. जागृत ठिकाण आहे म्हणता. परवा कुणी नारळ फोडला तिथं! समाधीला नारळ, आणि ताडपत्रीखाली खोकणाऱ्याकडं पाठ? तुम्ही कुणी त्याला घराबाहेर काढलं नाही, खरंय. तुम्ही फक्त म्हणालात, "त्याला काय कमी आहे, त्याचा प्लॉट आहे." घरी जाताना पंपावरूनच जाणार आहात. गाडी थांबवा. ओट्यापुढं नको. ताडपत्रीपुढं थांबा, आणि विचारा — बाबा, जेवलात का? विचारायला जड जातंय का बघा. जड गेलं, तर कंगाल कोण, ते कळंल. म्हणा विठ्ठल!

एवढंच बोललो होतो. पुढचं आत्ता लिहितोय, उमाकांत, तुझ्यासाठी. पेटी बांधताना तू विचारलंस, बाबांचं काही झालं तर परवानगीचं काय. मिळवायला बघ. नाही मिळाली तर तू येऊ नको, तुझी नोकरी आहे, घरात दोन लेकरं आहेत. मी येईन. सुंदराबाईच्या शेजारी खड्डा मी खणीन, आणि बाबांना बसवल्याशिवाय तिथून हलणार नाही. हा माझा शब्द.