सात नंबरचा टी-शर्ट

तुम्ही हसता, पण माझ्या मशीनचं उद्घाटन कसं झालं ते ऐका. मस्तगडच्या दुकानात टी-शर्टवर छपाई करायची हीट प्रेस आणली अन् मी नारळ घ्यायला गेल्तो. तेवढ्यात आईनं मशीनच्या खालच्या गादीवर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. मी आलो, नारळ फोडला, पण गादीकडं बघितलंच न्हाई.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बदनापूरचा एक क्रिकेट कॅप्टन, थेट मॅचला निघालेला. मी जल्दी जल्दी त्याचा पांढरा टी-शर्ट पालथा टाकला, पाठीवर सात नंबर ठेवला अन् मशीन दाबली. नंबर एकदम झक्कास! मंग टी-शर्ट उलटवला, तर छातीवर लालभडक पाच बोटं.

कॅप्टन म्हणाला, "भाऊ, मी मॅचला चाललो, लग्नाला न्हाई!"

"एका धुण्यात निघून जाईल," असं सांगून मी त्याला कसातरी वाटेला लावला.

पंधरा दिवसांनी तोच टी-शर्ट घेऊन तो परत आला. सात नंबर पार निघून गेल्ता अन् कुंकू जसंच्या तसं!

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आण बाळा इकडं, नंबर बी मीच कुंकवानं काढून देते."