दत्ताच्या बोटीचा डॅशबोर्ड

तुम्ही म्हणता मी दत्तावर जळतो. जळतो, बिलकुल जळतो! माझा चुलतभाऊ हा, परतूरला शेती करतो. पठ्ठ्यानं शेततळ्यात फिरायला जुनी मोटारबोट आणली. सगळं गाव पाहायला गेल्तं, मी पण जालन्याहून गेलो. पोटात नुसती आग. मंग मला तिचा डॅशबोर्ड दिसला. लाकडाच्या डिझाइनचा, पण उन्हानं पार पांढरा पडलेला. तेवढंच जरा बरं वाटलं.

दत्ता म्हणला, "दादा, तुमच्या जालन्यात कुणी हा नवा करून देईल का?"

"देतो की करून," म्हणलो. आमच्या कपाटाच्या सनमायकाचा उरलेला तुकडा माळ्यावर पडून होता. तपकिरी, कुणाला आवडू नये असा. मुद्दाम तोच जुन्या जालन्यातल्या रफिकभाई सुताराला दिला.

रफिकभाई म्हणले, "बोट का काम कभी किया नहीं, मगर हो जाता. फिकर नक्को करो."

अन् त्या माणसानं असा बसवला, असा बसवला, की बोट एकदम नवाबाची दिसायला लागली!

रविवारी बायकोला घेऊन गेलो. दत्तानं तिला पुढं बसवून तळ्यात दोन चकरा मारल्या. ती डॅशबोर्डवरून हात फिरवत राह्यली. उतरल्यावर मला म्हणती,

"भावजींची पसंती बघा जरा. आपल्या घरात हाय का असलं काही?"

अकरा वर्षं झाली, रोज सकाळी त्याच सनमायकाचं कपाट उघडून राह्यली ती!