पाहिलं, वाचलं, म्हणून

ताई : हसून झालं असेल तर पुढचा कागद वाच.

भाऊ : थांब गं, पोट दुखायला लागलं. हा कुणाचा?

ताई : पहिल्या बाकावरच्या पेन्सिलखाऊचा. निम्मी पेन्सिल खातो आणि उरलेल्या निम्मीने लिहितो.

भाऊ : "पाहिलं : झटपटचा शंख दोऱ्याने मोजला. मागच्या महिन्यातला दोरा वहीत चिकटवलेला आहे. नवा दोरा आखूड आला. वाचलं : गोगलगाय वाढते तसा तिचा शंखही वाढतो. तो लहान होतो असं पानावर कुठेच दिलेलं नाही. म्हणून : डब्यातली गोगलगाय झटपट नाही." ताई, हा तिसरीतला मुलगा आहे की फौजदार?

ताई : आणि तू काय म्हणाला होतास? सगळ्या गोगलगायी सारख्याच दिसतात, कुणाला कळणार नाही, तू निर्धास्त शाळेत जा.

भाऊ : अगं, मी रोपांच्या नर्सरीवाला माणूस. गोगलगाय दिसली की उचलायची आणि कुंपणापलीकडे भिरकावायची, एवढाच आमचा संबंध. तिचे नाकडोळे मी कशाला न्याहाळू? त्यात सोमवारी सकाळी तुझा तो रडवेला फोन. डब्याचं झाकण उघडं राहिलं, वर्गातली गोगलगाय निघून गेली, मुलं यायच्या आत दुसरी आण. मला आधी वाटलं, बांगड्याच चोरीला गेल्या. कुंड्यांमागे हाताला लागली ती घेऊन पळत आलो.

ताई : आणि मी शहाणीने ती गुपचूप डब्यात ठेवली. वर मुलांना सांगितलं, आठवडाभर झटपटकडे नीट बघा. काय पाहिलं ते लिहा, पुस्तकात काय वाचलं ते लिहा, आणि मगच 'म्हणून' लिहा. 'मला वाटतं' चालणार नाही, असा दमसुद्धा दिला.

भाऊ : आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. तोही मोजूनमापून.

ताई : वाच रे.

भाऊ : हा दोघींनी मिळून लिहिलेला दिसतोय.

ताई : जुळ्या आहेत. एकच खोडरबर वापरतात, म्हणून कागदही एकच.

भाऊ : "पाहिलं : झटपट काकडीला तोंड लावायची नाही, डब्यातला पुठ्ठा खायची. ही काकडी फस्त करते आणि पुठ्ठ्याकडे ढुंकूनही बघत नाही. वाचलं : गोगलगायी पानं, फळं आणि कागदही खातात. म्हणून : एक तर झटपटची आवड बदलली, नाहीतर गोगलगाय बदलली. आवड बदलल्याचा पुरावा आम्हाला मिळाला नाही."

ताई : दुसरी शक्यता तपासल्याशिवाय ठरवू नका, हेही मीच शिकवलं.

भाऊ : चांगलं शिकवतेस गं. आता तोंड का पाडून बसलीस?

ताई : उद्या हे सगळे कागद व्हरांड्यात लागायचेत. पालक येणार, मुख्याध्यापिका येणार. आमच्या मोठ्या बाईंना आधीपासूनच हा पाहून-वाचून लिहायचा तास पसंत नाही. त्या म्हणतात, लिहिणं-वाचणं भाषेच्या तासाला करा, विज्ञानाच्या तासाला प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या. मी खूप विनवण्या केल्या तेव्हा म्हणाल्या, मुलांचे कागद दाखवा, मग तो तास ठेवायचा की बंद करायचा ते ठरवू.

भाऊ : मग दाखव की. एकापेक्षा एक कागद आहेत.

ताई : तेच तर रडगाणं आहे. कागद जितका चांगला, तितकी मी उघडी पडते.

भाऊ : असं कर, त्यातल्या त्यात वाईट तेवढे लाव. हा बघ. "पाहिलं : गोगलगाय. वाचलं : गोगलगाय. म्हणून : गोगलगाय."

ताई : दे इकडे.

भाऊ : मधोमध लाव. याच्यासारखा सज्जन मुलगा वर्गात दुसरा नाही. नाहीतर सरळ सांग, कागद पाण्यात भिजले.

ताई : पुरावा काय?

भाऊ : घ्या. तुलाही लागण झाली.

ताई : हसवू नकोस रे, मला खरंच रडायला येतंय. शेवटचा कुणाचा राहिला?

भाऊ : नाव बारीक लिहिलंय. कागद मात्र दोन्ही बाजूंनी भरलाय.

ताई : बघू. अरे, ही आमची चिमणी. वर्षभरात नाव आणि तारीख सोडून हिने कागदावर एक ओळ लिहिलेली नाही. विचारलं की खाली बघते. दोन्ही बाजूंनी?

भाऊ : दोन्ही. वाचू?

ताई : वाच. हळू वाच.

भाऊ : "पाहिलं : बाई रोज आल्यावर डब्याजवळ जातात आणि 'काय म्हणतेस झटपट' असं विचारतात. सोमवारपासून विचारत नाहीत. डब्याकडे पाठ करून उभ्या राहतात. पाहिलं : कपाटाजवळच्या भिंतीवर चकचकीत रेघ आहे. ती वर जाते आणि कपाटामागे जाते. परत येत नाही. पाहिलं : कपाटामागे जुना नकाशा आहे. त्याचा कोपरा कुणीतरी खाल्लाय."

ताई : वर? मी तर सगळं खालीच शोधत होते. कपाटाखाली झाडूसुद्धा फिरवला.

भाऊ : ऐक ना. "वाचलं : गोगलगाय चालते तिथे रेघ राहते. कोरडं असलं तर ती शंखाचं दार बंद करून पुष्कळ दिवस झोपते. म्हणून : झटपट हरवली नाही. ती कपाटामागे झोपली आहे. कपाट मला हलत नाही. ही झटपट नाही हे बाईंना माहीत आहे. त्यांना सांगायची भीती वाटते. याचा पुरावा मला पुस्तकात सापडला नाही. पण मलाही तसंच होतं."

ताई : पुढे?

भाऊ : संपलं. ताई, शाळेची किल्ली आहे ना तुझ्याकडे?

ताई : मांडणीसाठी मोठ्या बाईंनी दिलीय.

भाऊ : मग चप्पल घाल.

(तासाभराने, तिसरीच्या रिकाम्या वर्गात. दोघं कपाट ढकलताहेत.)

भाऊ : काय दगड भरलेत की काय यात?

ताई : हो, दगडच आहेत. खडकांचा पाठ झाला तेव्हा प्रत्येकाने घरून एकेक आणला होता.

भाऊ : देवा. पुढच्या वर्षी पिसांचा पाठ घे.

ताई : थांब, थांब. पाय जपून टाक. मोबाइलचा उजेड इकडे धर. अजून वर.

भाऊ : दिसली?

ताई : नकाशाच्या पट्टीला चिकटलीय. दार बंद. अगदी चिमणीने लिहिलंय तसं.

भाऊ : जिवंत आहे ना?

ताई : तुला रे काय? तुझी तर वैरीण.

भाऊ : असेना. विचारायला काय जातं? थोडं पाणी शिंपड. आम्ही कुंड्यांना पाणी घातलं की या बया हमखास जाग्या होतात.

ताई : शिंपडलं. काही नाही. अजून थोडं. थांब, हलली. एक शिंग बाहेर आलं. दुसरंही.

भाऊ : तू हसतेयस की रडतेयस?

ताई : दिसतं तेवढंच लिही.

भाऊ : दोन्ही दिसतंय.

ताई : मग दोन्ही लिही.

भाऊ : सुटलीस बघ. आता खरी झटपट डब्यात, बदली माझ्या खिशात. उद्या मोठ्या बाईंसमोर म्हणायचं, मुलांनो, पुन्हा मोजा बरं, तुमचं काहीतरी चुकलं. दोरा जुळेल, पुठ्ठा खाईल, सगळं छान.

ताई : आणि चिमणीला काय सांगू? पहिल्यांदा लिहिलंस तेच चुकलं?

भाऊ : हं. ते काही बरं दिसत नाही.

ताई : परत कधी लिहील ती? तो फळ्याखालचा कोरा कागद दे. आणि पेन. तुझ्या पाठीवर ठेवून लिहिते, वाक जरा.

भाऊ : गुदगुल्या होतायत.

ताई : हलू नकोस, अक्षर बिघडतं. झालं. वाच.

भाऊ : "पाहिलं : शुक्रवारी झाकण लावायचं मी विसरले. सोमवारी डबा रिकामा दिसला. मी घाबरले आणि दुसरी गोगलगाय आणून ठेवली. वाचलं : तुम्हा सगळ्यांचे कागद. म्हणून :" पुढे काही नाहीच.

ताई : ते मुलांनी लिहायचं.

भाऊ : मोठ्या बाई भडकल्या तर? तास गेला तर?

ताई : गेला तर मला फार वाईट वाटेल. पण तो बंद करायच्या आधी त्यांना हे सगळे कागद वाचावे लागतील ना. गोगलगाय-गोगलगाय-गोगलगायसकट.

भाऊ : बरं, टाचण्या दे, लावायला घेऊ. आणि ही डब्यातली पाहुणी?

ताई : तुझ्या नर्सरीत सोड.

भाऊ : तिथे माझीच माणसं भिरकावतील तिला. राहू दे, घरी नेतो. काकडी सालासकट देतेस की सोलून?

ताई : सालासकट. चिमणीचा कागद दाराजवळ लाव, येणाऱ्याला आधी तोच दिसला पाहिजे. त्याच्या शेजारी माझा.

भाऊ : तुझा जरा वर लावतो. एवढ्या उंचावर कोण मान वर करून बघतंय? पालकही जातील खालून निघून.

ताई : नको. खाली घे.

भाऊ : एवढा?

ताई : अजून थोडा. चिमणी बुटकी आहे रे.