दुसऱ्या वळणानंतर

काका : …आणि मग बैठकीत तो शर्यत समितीचा सचिव म्हणाला, जुन्या माणसांना आकडा मोठा दिसला की शर्यतही मोठी वाटते. सरळ माझ्याकडे बघून म्हणाला.

डॉक्टर : काका, जरा अलीकडे उभे राहा. घोडीचा पाय नालबंदांच्या मांडीवर आहे. तुम्ही हातवारे करता आणि तिची झोपमोड होते.

नालबंद : होऊ द्या हो, डॉक्टरीणबाई. जागी घोडी तीन पायांवर उभी राहते. झोपलेली माझ्या कमरेवर. दुपारचं हे असंच, तबेला सगळा पेंगतो आणि भार मी उचलतो.

काका : तीन विरुद्ध तीन झालेत. सातवा मी. पाच वाजता बैठक पुन्हा बसणार. मी हात वर केला तर लांबची चार हजार मीटरच राहणार. नाही केला तर अठ्ठावीसशे. दीडशे वर्षांची शर्यत, आणि सगळं येऊन थांबलंय माझ्या या मोडक्या खांद्यावर.

नालबंद : मग डावा हात वर करा.

काका : तू आपली नाल ठोक. डॉक्टर, मी तुझ्याशी बोलतोय. अहवाल तुझा. बाराशे मीटर छाटून टाकलेस, माझ्या सख्ख्या पुतणीने.

डॉक्टर : मी फक्त तपासलेले घोडे लिहिलेत. चार वर्षांतले एकसष्ट. कोणाला, कुठे, काय झालं एवढंच. अंतर कमी करा हे अगदी शेवटच्या ओळीत आहे. तुम्ही वाचलात का तो?

काका : चष्मा सापडेना.

डॉक्टर : डोक्यावर आहे.

काका : नाही वाचला. हात होईना. पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं तुझ्याकडून. पहिल्यांदा घोड्यावर मी बसवलं. आणि खाली तुझी सही, की लांबची नको.

डॉक्टर : तुम्ही बैठकीत परंपरा, परंपरा म्हणत राहिलात. तुम्ही तर घरातलं जुनं कपाटसुद्धा ठेवत नाही. मला तेव्हाच शंका आली.

काका : परंपरा बिरंपरा काही नाही. खरं कारण बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं. हसले असते.

डॉक्टर : मला सांगा.

काका : हा हसेल.

नालबंद : माझ्या तोंडात चार खिळे आहेत, दादा. हसलो तर गिळीन.

काका : बरं. ऐक. लांबचीत पहिले दोन हजार मीटर नुसता गोंगाट असतो. टापा, फुरफुरणं, शेजारच्याच्या शिव्या, कठड्यावरून लोकांचं ओरडणं. पहिलं वळण येतं, गोंगाट आहेच. मग दुसरं वळण. तीन हजारांच्या आसपास. तिथे लोक नसतात, नुसतं गवत. आणि तिथे आवाज जातो.

डॉक्टर : जातो म्हणजे?

काका : जातो म्हणजे जातो. बाहेरच्या खोलीत माणसं बोलत असावीत आणि कोणीतरी दार हळूच ओढून घ्यावं, तसा. टापा पडतायत हे मांड्यांना कळतं, ऐकू येत नाही. गवत खालून वाहत असतं. मागे कोण, पुढे कोण, काही नाही. घोडी आहे आणि मी आहे, आणि त्यातली घोडी कोण नि मी कोण हे विचारलं तर सांगता यायचं नाही. माझी आई गेली ना, त्या वर्षी त्या पट्ट्यात मी तिच्याशी बोललो. अगदी समोर बसून बोलावं तसा.

नालबंद : काय म्हणाली?

काका : जेवलास का, म्हणाली.

नालबंद : आईच ती.

काका : आणि माझ्या घोडीला, सावकाशलाही तसंच व्हायचं.

नालबंद : सावकाश! काय एकेक नाव. भोंग्यावरून सांगायचे, सावकाश सगळ्यांच्या पुढे, आणि नवे पाहुणे वेड्यासारखे बघत राहायचे.

डॉक्टर : तिलाही तसंच होतं, हे तुम्हाला कशावरून कळायचं?

काका : एकोणीस वर्षं घोड्यांच्या पाठीवर काढली, पोरी. हाताला कळायचं. लगामाला ताण नाही. मान खाली, लांब सोडलेली. आणि कान. एरवी तिचे कान सदा टवकारलेले, उंदीर गेला तरी फिरायचे. त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना सैल पडायचे. ही बघ, हिचे आत्ता पडलेत ना, तस्से. धावता धावता ती स्वप्नात जायची. सहा लांबच्या जिंकली, सहाही वेळा तिथेच. मी कुणाला बोललो नाही. आमचं दोघांचं होतं ते.

डॉक्टर : हं.

काका : आता अठ्ठावीसशेवर खांब रोवलात, तर ती शांतता सुरू व्हायच्या आतच शर्यत संपेल. पुढच्या घोड्यांना अशी एक जागा आहे हेही कळणार नाही. मला जिंकण्या-हरण्याचं काही नाही गं. ती जागा राहू दे, एवढंच. तू नुसती म्हण की अहवालाचा फेरविचार करते. बाकी मी बघतो.

डॉक्टर : तिच्या शेवटच्या लांबचीनंतर काय झालं होतं? मी तेव्हा खूप लहान होते.

काका : जिंकली. आणि मग तीन दिवस कोपऱ्यात तोंड करून उभी. दाण्याला तोंड लावलं नाही. हात ठेवला की कातडी थरथरायची. मला वाटलं, मन तिथेच राहिलं तिचं. परत यायचं नव्हतं तिला. त्यानंतर कधी धावलीच नाही.

डॉक्टर : मागच्या मांड्या कडक लागत होत्या? लाकडासारख्या?

काका : होत्या की.

डॉक्टर : आणि लघवी?

काका : हे काय विचारणं झालं? काळपट होती. कोऱ्या चहासारखी. मोतद्दार म्हणाला, उन्हाने होतं.

नालबंद : दादा, ती कानस द्या बघू इकडे. आणि तुम्ही निघा आता, हातपाय धुवायचे, सदरा बदलायचा, वेळ होईल.

काका : कानस तुझ्या हातात आहे. डॉक्टर, तू खाली काय बघतेस?

डॉक्टर : काही नाही. तुम्हाला वाटेल तसा हात वर करा. मी बैठकीत काही बोलणार नाही.

काका : घोडं वाचणार नसलं की तू अशीच मालकाच्या बुटांकडे बघत बसतेस. वर बघ. सांग.

डॉक्टर : काका, हिचं पोट भरलंय. ही सावलीत उभी आहे. हिचे कान पडलेत ते झोपेने. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे कान पडतात ते अंगात काही उरलं नाही म्हणजे. कान उभे धरायलासुद्धा जोर लागतो. मान खाली जाते कारण ती पेलवत नाही. लगाम हलका लागतो तो त्यामुळेच. माझ्या एकसष्टांपैकी अडतीस घोडे तसे होते, आणि सगळे अठ्ठावीसशेच्या पुढे. तो अठ्ठावीसशेचा आकडा मी कानांवरून काढलाय.

काका : आणि तो चहासारखा रंग?

डॉक्टर : स्नायू फाटले की त्यांचा रंग लघवीत उतरतो. फार दुखतं. म्हणून ती कोपऱ्यात उभी होती.

काका : पण तिथे आवाज तर मलाही ऐकू यायचा नाही.

डॉक्टर : शर्यतीआधी वजन उतरवायला तुम्ही दोन-दोन दिवस पाणीसुद्धा मोजून प्यायचात. तुम्हीही संपलेले असायचात तिथे.

काका : म्हणजे आई…

डॉक्टर : आईचं मला माहीत नाही, काका. ते माझ्या अहवालात नाही.

काका : सहा वर्षं.

नालबंद : दादा, तिला नाल मीच मारत होतो. मलाही कुठे कळलं? तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

काका : तिला माहीत होतं.

(घोडी जागी होते, पाय सोडवून घेते आणि जमिनीवर टेकवते.)

डॉक्टर : बैठकीला नाही गेलात तरी चालेल. मी निरोप पाठवते.

काका : नको, जातो. हात खालीच ठेवायचा आहे ना? तेवढं जमेल मला. फक्त एक सांग. त्या पट्ट्यात मी लगाम जरासा ओढला असता, तर थांबली असती ती?

डॉक्टर : काका…

काका : सांग.

डॉक्टर : पहिल्या ओढीला.

काका : शेवटच्या वर्षी एकदा बोटं आवळली होती मी. ओढणारच होतो. मग म्हटलं, इतकी छान झोप लागलीय बाईला, कशाला मोडा.