काचेच्या टाकीतलं मीठ

आमच्या पुतण्याची गंमत सांगतो, ऐका. सुहास महाडला मास्तर हाय. त्यानं घरात काचेच्या टाकीत समुद्र केलाय. मुंबईहून आणलेलं खास मीठ पाण्यात विरघळवायचं, त्यात रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ. मी आमच्या कापडे गावाहून गेलो, तर प्रवाळ मिटलेलं, मासे कोपऱ्यात धापा टाकतायत आणि सुहास टाकीसमोर सुतकी चेहऱ्यानं बसलेला.

"काका, मीठ मोजायचं मीटर तर बरोबर दाखवतंय, तरी मरायला लागलेत हो."

मी बोट बुडवलं आणि चाखलं.

"अहो काका, काय करताय!"

"लय खारट हाय रे. दर्याचं पाणी पण इतकं नसतं. टाकीतलं पाणी कमी झालं की काय घालतोस?"

"मिठाचंच पाणी. समुद्रातले मासे ना ते!"

"अरे, कालवण आटलं तर तुझी काकी त्यात पाणी घालते की मीठ? पाणी उडून जातं, मीठ कुठं जातंय?"

सूनबाई तोंडावर हात ठेवून हसली. सुहासनं साधं गाळलेलं पाणी थोडं थोडं घालायला घेतलं. चार दिवसांनी प्रवाळ उमललं. मीटरच बिघडलेलं निघालं.

मग दर रविवारी त्याचा फोन, "काका, चाखायला येता काय?"

मागं एकदा मी म्हटलं, "येतो की. पण नुसता रस्साच किती दिवस चाखवशील? एखादी तुकडी पण वाढ."

तेव्हापासून तो मला बोलवत नाय. पाणी बाटलीत भरून एसटीनं कापड्याला पाठवतो.