मुखपृष्ठावरची शाळा

नाही हो, हेवा कसला? तिकडे सकाळी शाळा भरतानाच गेलात आणि माझ्याकडे यायला दुपार केलीत, म्हणून आपलं विचारलं. बसा ना. मंडळाच्या ऑफिसातून आलात, वार्षिक अहवालाचे फोटो काढायला, तेव्हा मंडळाच्या सगळ्या शाळा तुम्हाला सारख्याच—म्हणजे असायला पाहिजेत. धाकटीच्या शाळेला मुखपृष्ठ आणि आम्हाला आतलं अर्धं पान, हे काही तुम्ही ठरवलं नाही, कळतं मला. धाकटी म्हणजे तिथली मुख्याध्यापिका हो—माझी सख्खी जाऊ, सांगितलं नाही वाटतं तिने? नाहीच सांगणार. असू दे, घरातलंच कौतुक आहे, मला आनंदच आहे.

आमचं काय लिहाल? लिहा की मंडळाने अनुदान निम्म्यावर आणलं तरी आमचा निकाल वाढला. गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, नवीन माणूस नेमायला पैसे नाहीत, तेव्हापासून नववीचं गणित मी घेते, ऑफिस सांभाळून. वर्षभरात एक मूल शाळा सोडून गेलं नाही—पण याचा फोटो कसा काढणार तुम्ही? न गेलेल्या मुलाचा फोटो निघत नाही. तिच्याकडे निघतात बघा. पालकांनी भिंती रंगवल्या, व्हरांड्यात वाचनालय मांडलं, आणि ते बाक. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत बाक ऐकून ऐकून कान किटलेत माझे—गच्चीवर मोडके बाक पडले होते म्हणे, आणि कोणी एक गृहस्थ दर शनिवारी येऊन फुकटात नीट करून देतात, पोरांनाही रंधा धरायला शिकवतात, नाव मात्र सांगत नाहीत. असतील कोणी रिकामटेकडे. तिला माणसं बरी सापडतात. सापडतात कसली—गोड बोलते ना ती. 'जरा हात लावता का' म्हणते, की समोरचा बाह्या सरसावून कामाला लागतो. मला नाही जमत ते. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून हेच बघतेय—जेवायचे सगळे मी केलेलं, आणि हसायचे तिच्याशी.

आमचे हेसुद्धा. आता तर कोणाशीच हसत नाहीत म्हणा. गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले आणि जणू बोलणंही तिथेच ठेवून आले. बंद टीव्हीसमोर बसून असतात. मी घरी जाऊन दहा गोष्टी सांगायच्या आणि त्यांनी हूं म्हणायचं. शनिवारी तेवढे मित्राकडे पत्ते खेळायला जातात, आजही गेलेत—आणि येतात ते शर्टाच्या बाहीला लाकडाचा भुसा घेऊन. मित्राकडे कपाटाचं काम निघालंय म्हणे. किती महिने चालतं हो एका कपाटाचं काम? मी विचारत नाही. खोदून विचारायचा स्वभाव नाही माझा. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, तुझ्या शाळेत काही ठाकठोक असेल तर सांग, मी करतो. मी म्हटलं, मुख्याध्यापिकेचा नवरा हातोडा घेऊन वर्गावर्गांतून फिरला तर शिक्षक काय म्हणतील, आणि रीतसर अर्ज द्या, समितीपुढे ठेवते. नियमच आहे तो. माझ्या घरच्यांना वेगळा नियम कसा लावणार? पुन्हा काही बोलले नाहीत ते. मला वाटलं, विसरले.

जाऊ द्या. तुम्ही मुखपृष्ठाचा फोटो दाखवा ना. आज सकाळीच काढलात? बघू तरी, असं काय मोठं—थांबा, चष्मा लावते. हां. अंगण छान आलंय. ही धाकटी, पदर खोचून, मधोमध, अर्थातच. आणि तिच्या बाजूला, बाक उलटा करून बसलेले हे—

जरा मोठं करा.

नाही, काही नाही, ऊन येतंय स्क्रीनवर. कानावर पेन्सिल आहे ना? आणि चौकड्यांचा शर्ट. सकाळी मीच—म्हणजे असे शर्ट ढिगाने मिळतात बाजारात, दर तिसऱ्या माणसाच्या अंगावर असतो. हसतायत, नाही का? तोंड भरून हसतायत. एवढं काय बोलणं चाललं होतं हो? तुम्ही तिथेच होतात ना, आठवून सांगा. पोरं काही म्हणाली, की ती काही म्हणाली? ... गाणं? गाणं म्हणत होते? यांना गाणं येतं? एवढ्या वर्षांत कधी—

म्हणजे या गृहस्थांना.

ओळखीचे? नाही हो. मी कशी ओळखणार, तिच्या शाळेतला माणूस. फोटोखाली नाव पाहिजे तुम्हाला? त्यांनीच सांगितलं नाही, तर मी कुठून सांगू? 'शाळेचे एक हितचिंतक' लिहा की. कुठल्या शाळेचे, ते लिहायची काही गरज नाही.

आमचा फोटो? राहू दे. नको, उद्या-परवाही नको, नको म्हटलं ना मी. अर्धं पान तिलाच द्या, तिच्याकडे दाखवायला पुष्कळ आहे. तो फोटो जरा माझ्या मोबाइलवर—नाही. काही नाही. निघा तुम्ही, आणि जाताना दार ओढून घ्या.